खांब आधी, पॅनल शेवटी : शेळ्या-गुरांसाठी जाळीचं कुंपण

पहिल्या वर्षी मी कुंपण उलट्या क्रमाने बांधलं. जमीन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, उताराची. वर काजू, खाली थोडं कुळागर. आधी वर्कशॉपमध्ये जाऊन ८ × ४ फुटांचे सतरा पॅनल (लोखंडी चौकटीत बसवलेली जाळी) करून घेतले, टेम्पोतून आणून काजूखाली रचले आणि मग खड्डे खणायला माणसं बोलावली. सतरापैकी पाच पॅनल दोन खांबांमध्ये बसेनात. तीन बसले, पण खालून वीतभर अधांतरी. पहिल्याच संध्याकाळी त्या फटीतून दोन शेळ्या बाहेर पडल्या आणि शेजारच्या काकांचा अळसांद्याचा वाफा साफ करून आल्या. काका एक शब्द बोलले नाहीत. सकाळी आले, वाफ्याकडे बोट दाखवलं आणि गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या दसऱ्याला सगळं उपसून पुन्हा बांधलं, ते आजवर हललेलं नाही. तुम्ही नव्याने शेळ्या घेत असाल किंवा दारात एक-दोन गाई बांधणार असाल, तर खालचा क्रम जसाच्या तसा पाळा. पॅनल ही शेवटची खरेदी, एवढं लक्षात ठेवलंत तरी माझ्यासारखी फजिती होणार नाही.

१. कुंपण कुणासाठी, ते आधी ठरवा

आपली जनावरं आत ठेवायची की रानातली बाहेर ठेवायची? ही दोन वेगळी कामं आहेत. पॅनलचं कुंपण पहिल्या कामासाठी चोख आहे. दुसऱ्यासाठी त्याच्याकडून फार अपेक्षा करू नका. गवा रेडा आपल्या राज्याचा राज्यप्राणी; मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. त्याने अंग घासलं तरी पॅनल आडवा होईल. रानडुक्कर खालून उकरतं. बिबट्याला चार फूट म्हणजे पायरी. म्हणून रात्री शेळ्या छपराच्या, चारही बाजूंनी बंद गोठ्यातच हव्यात. हे आवार दिवसासाठी आहे.

सगळ्या जमिनीला पॅनल लावायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. परवडत नाही आणि गरजही नाही. गोठ्यापुढचं एक आवार पॅनलने बांधा; बाकी हद्दीला गडगा, करवंदाची वई किंवा गिरीपुष्पाच्या फांद्या पुरतात. मोठ्या शेळीला छपराखाली १० चौरस फूट आणि उघड्यावर २० चौरस फूट हा रूढ हिशेब आहे, पण उघडी जागा जेवढी जास्त तेवढा चिखल कमी. माझं आवार ४० × ३२ फूट आहे, म्हणजे सुमारे ११९ चौरस मीटर. खालचे सगळे आकडे त्याच मापाचे आहेत.

उंची चार फूट. आपली गावठी श्वेता कपिला गाय अंगाने लहान, तिला हे भरपूर. शेळी उडी मारण्यापेक्षा जाळीवर पुढचे पाय टेकून उभी राहते आणि भार टाकते. साखळीजाळी याच कारणाने दोन महिन्यांत पोट काढते. चौकटीतला वेल्डमेश, म्हणजे सांध्यांना वेल्ड केलेली तारेची जाळी, काढत नाही.

२. कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण कुंपणाची भांडणं जाळीवरून होत नाहीत, जमिनीवरून होतात.

- एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा. ऑनलाइन मिळतो. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत, कुळाच्या रकान्यात कोणी आहे का, 'इतर हक्क' मध्ये काय लिहिलंय, तिन्ही वाचा. आपल्याकडे वारशाने नावं वाढत जातात. आजोबांच्या नावावरच्या उताऱ्यात चुलत्यांची आणि आत्यांचीही नावं असतात. सगळ्यांची लेखी संमती घ्या.
- सर्व्हे नकाशा. हद्दीचे दगड जागेवर सापडत नसतील तर भूमापन खात्याकडे मोजणीसाठी अर्ज करा.
- कृषी कार्ड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. कृषी खात्याच्या अनुदानात कुंपणाचाही समावेश आहे. तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात काम सुरू करण्याआधी जा, कुठल्या प्रकारच्या कुंपणाला किती मिळतं ते विचारा आणि सामानाची बिलं जीएसटीसह जपून ठेवा. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतलात तर पुढे हात चोळत बसाल.
- चिऱ्यांची भिंत घालायची असेल तर पंचायतीचा परवाना. नुसते खांब आणि जाळी असली तरी पंचायतीत लेखी कळवून पोच घ्यावी, असं माझं मत. एका कागदाचं काम आहे.

सर्वांत मोठा सापळा पायवाटेचा. तुमच्या भाटातून कोणी देवळाकडे, झरीवर किंवा आपल्या शेतात वर्षानुवर्षं जात असेल, तर ती वाट बंद करू नका. वाट किंवा पाण्याचा पाट अडवला की प्रकरण १९६६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली मामलेदारांकडे जातं आणि कुंपण काढावं लागू शकतं. मी आवार हद्दीपासून एक मीटर आत घेतलं. ती जागा वाया गेली असं सासऱ्यांना अजून वाटतं. मला मात्र बाहेरच्या बाजूने रान कापायला वाट मिळाली आणि शेजाऱ्यांशी बोलणं चालू राहिलं.

आणखी दोन गोष्टी. ओळीत झाड आलं तर परवानगीशिवाय कापू नका, १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. ओळच दोन फूट सरकवा. उतार सपाट करायला जेसीबी बोलावण्याचा मोहही टाळा, डोंगरकापणीला नगरनियोजन खात्याची परवानगी लागते.

३. मुहूर्त

मे महिन्यात आपली तांबडी जमीन पहारीला दाद देत नाही. जुलैत खड्डा खणता खणता पाण्याने भरतो. चवथ झाली, पाऊस ओसरला की दसऱ्याच्या सुमारास माती ओली पण घट्ट असते. तेव्हा खड्डे खणा. तुळशीच्या लग्नापर्यंत पॅनल लागले पाहिजेत, कारण भात कापून झालं की गावातली गुरं मोकळी सुटतात आणि तुमच्या हिरव्या चाऱ्याकडे त्यांचं लक्ष जातं.

४. आखणी

चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका. कोपरा काटकोनात आहे की नाही ते ३-४-५ ने बघा: कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. मोठ्या आवाराला ६-८-१० घ्या, चूक कमी होते. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत.

आता जिथे माझं सगळं बिघडलं ती जागा. खांबांमधलं अंतर जमिनीवरून टेप टाकून मोजू नका. पॅनल आडवा बसतो, जमीन तिरकी जाते. आठ फुटांत दोन फूट उतार असेल आणि तुम्ही टेप जमिनीवर ठेवून आठ फूट मोजलेत, तर दोन उभ्या खांबांमधलं खरं अंतर पावणेआठ फुटांहून थोडं कमीच भरतं. तीन इंच गेले. पॅनल आत शिरत नाही आणि मेस्त तुमच्याकडे बघत राहतो. टेप वरच्या टोकाला जमिनीला टेकवा, खालच्या टोकाला हवेत आडवा ताणा आणि तिथून ओळंबा सोडा. ओळंबा टेकेल तिथे खुंटी. टेप आडवा आहे का ते पारदर्शक नळीत पाणी भरून बघता येतं; गवंड्याकडे ती असतेच.

फाटकाची जागा याच वेळी ठरवा. ते उंच बाजूला हवं. खालच्या बाजूला ठेवलंत तर पावसाळाभर शेण आणि चिखल तुडवत आत जाल.

४० × ३२ म्हणजे घेर १४४ फूट. आठ-आठ फुटांचे अठरा गाळे (दोन खांबांमधली जागा म्हणजे गाळा), अठरा खांब. एक गाळा फाटकाला गेला की पॅनल सतरा.

५. सामान

- खांबांसाठी ४० × ४० × ५ मिमी लोखंडी अँगल, २० फुटी ६ नग. प्रत्येकी तीन तुकडे करा, ६ फूट ८ इंचांचे. काहीच वाया जात नाही. सोळा खांब होऊन दोन तुकडे उरतात, ते उताराच्या जागी आधाराला लागतील.
- फाटकाच्या दोन खांबांसाठी ५० × ५० × ६ चा एक नग. त्यातून आठ फुटांचे दोन.
- सिमेंटची ७ ते ८ पोती, वाळू, खडी.
- लाल ऑक्साइड प्रायमर, वरून ऑइलपेंट, खांबाच्या बुडासाठी ब्लॅक जपान (डांबरी काळा रंग).
- जस्ताचे नट-बोल्ट आणि पट्ट्या.
- पहार, पिकास, फावडं, घमेली, टेप, ओळंबा, सुतळी, टेकूला बांबू.

अँगल किलोवर मिळतो. ४० × ४० × ५ चं वजन मीटरला ३ किलो, म्हणजे २० फुटी नग साधारण १८ किलो आणि सहा नग ११० किलोच्या आसपास. दुकानातल्या काट्यावर हे पडताळा. सहा नगांचं वजन ९० किलोच भरलं तर तुम्हाला पातळ माल दिलाय. माझ्या बाबतीत एकदा असं झालं होतं. मी वजनाची चिठ्ठी पुढे केली तेव्हा "चुकून आला" असं उत्तर मिळालं.

लाकडी मेढी का नाही? सासऱ्यांचाच प्रश्न. जुनी खैराची मेढ मिळत असेल तर खुशाल वापरा. हल्ली मिळतं ते कोवळं लाकूड. वाळवी त्याला दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीच्या पातळीवर कापते.

६. खांब

पुरण्याआधी वर्कशॉपमध्ये तीन कामं करून घ्या. एक, बोल्टची भोकं पाडा. दोन, बुडाशी वीतभर सळीचा तुकडा आडवा वेल्ड करा, म्हणजे खांब उपटून येत नाही आणि फिरतही नाही. तीन, रंग. लोखंड सडतं ते जमिनीच्या रेषेवर, जिथे माती, पाणी आणि हवा एकत्र येतात. म्हणून बुडापासून अडीच फुटांपर्यंत (फाटकाच्या खांबांना सव्वातीन) ब्लॅक जपानचे दोन हात, एक वाळल्यावर दुसरा. वर प्रायमर आणि पेंट.

खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद, सव्वादोन फूट खोल. फाटकाच्या खांबांना तीन फूट. फूटभर मातीखाली जांभा लागेल, तो पहारीने निघतो. सलग कातळ लागला तर हट्ट करू नका. कातळात ड्रिलने फूटभर भोक पाडून त्यात खांब जाड सिमेंटने बसवतात, आणि तो खांब बाकीच्यांपेक्षा घट्ट निघतो.

आधी चार कोपरे उभे करा. कोपऱ्यांच्या मध्ये दोन सुतळ्या ताणा, एक खाली, एक वर. मधले खांब या दोन्ही सुतळ्यांना नुसते टेकले पाहिजेत, ढकलले जाता कामा नयेत. एका खांबाने सुतळी केसभर ढकलली तर पुढचे सगळे तिच्यामागे वाकडे जातात. प्रत्येक खांब दोन बाजूंनी ओळंब्यात बघा. एका बाजूने सरळ दिसतो तो दुसरीकडून हमखास कललेला असतो.

काँक्रीट १:२:४. सिमेंट एक घमेलं, वाळू दोन, खडी चार. पाणी बेताचं. कामगार पातळ कालवतात कारण ओतायला सोपं जातं. तिथे उभं राहा. काँक्रीट जमिनीच्या वर दोन इंच काढून चारी बाजूंना उतार द्या, खांबाच्या पायाशी पाणी साचणार नाही. बांबूचे टेकू दोन दिवस ठेवा आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. माझ्या पहिल्या कुंपणाला मी माती आणि दगड ठासून भागवलं होतं. आषाढात खांब एकमेकांशी बोलायला वाकल्यासारखे दिसायला लागले.

उतारावर जिथे पॅनल पायरीने खाली येतो, तिथला खांब लांब हवा: फूटभराची पायरी असेल तर खांबही फूटभर वाढवा. वर उरलेले दोन तुकडे म्हटले, ते इथे जोडायला कामी येतात.

७. आता पॅनल सांगा

काँक्रीटला आठवडा झाला की वही घेऊन प्रत्येक गाळा मोजा. वर, मध्ये, खाली, तीन ठिकाणी. गाळ्यांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक खांबावर रंगाने लिहा. पॅनल प्रत्येक गाळ्यापेक्षा दोन इंच कमी रुंदीचा सांगायचा. सगळे ८ × ४ सांगून मोकळं व्हावंसं वाटेल. नका. माझ्या दुसऱ्या कुंपणात सतरापैकी अकरा सारखे निघाले, सहा नाही.

बाहेरदेशी गुरांसाठी जाड तारेचे तयार पॅनल दुकानात मिळतात. आपल्याकडे ते करून घ्यायचे: २५ × २५ × ३ च्या अँगलची चौकट आणि आत वेल्डमेश. तारेचा गेज विचारताना एक गंमत लक्षात ठेवा, आकडा वाढला की तार बारीक होते. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ गेज म्हणजे चार, १२ गेज अडीचच्या जराशी वर. शेळ्यांना १० चालतो, गाय असेल तर ८ घ्या. १२ गेज कोंबड्यांना. १० गेजचा ८ × ४ पॅनल १६ किलोच्या आसपास भरतो, दोन माणसं सहज उचलतात.

जाळीचं भोक २ × २ इंच. चार ते सहा इंचांचं भोक स्वस्त पडतं, पण शिंगवाली शेळी त्यातून डोकं घालते आणि मग शिंगं मागे अडकतात. पलीकडचं गवत तिला दिसतंच. तुम्ही घरी नसाल तर ती उन्हात तशीच उभी राहील.

जाळी जस्ताची असेल तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि पहिला गंज तिथूनच धरतो. प्रत्येक सांध्याला जस्ताचा रंग मारल्याशिवाय पॅनल ताब्यात घेऊ नका. किनाऱ्याजवळ, पेडणे-बार्देशच्या खाऱ्या वाऱ्यात, हे दुप्पट खरं.

८. जोडणी

पॅनल खांबाच्या आतल्या बाजूला, जनावरांच्या बाजूने. जनावर ढकलतं तेव्हा भार खांबावर जातो. बाहेरून लावलात तर तोच भार बोल्टवर येतो.

जागेवर वेल्डिंग करू नका, बोल्ट लावा. मेस्त म्हणेल वेल्ड पक्कं. पक्कं आहेच, पण शेणखत काढायला पिकअप मागे लावायची झाली की एक पॅनल सोडता येतो, त्याचं सुख वेगळं. प्रत्येक बाजूला तीन बोल्ट, डोकं आत आणि नट बाहेर, म्हणजे कातडी ओरखडत नाही.

पॅनलचं बूड जमिनीपासून दोन इंचांवर ठेवा. मातीला टेकलं तर सडेल. उताराच्या पायरीखाली जी तिकोनी फट राहते ती चिऱ्यांनी बंद करा, गिलावा नको. चिरे सुटे असले की पाणी मधून झिरपतं. पाण्याची वाट असेल तिथे चिरे न लावता जाळीचा वेगळा तुकडा वरून टांगून ठेवा. पाणी आलं की तो उचलला जातो, पालापाचोळा अडकून कुंपणाचं धरण होत नाही. रानडुकरांचा त्रास असेल तर खालून एक ओळ चिरे सगळीकडे, निम्मे जमिनीत.

९. फाटक

आठ फुटांचं एकच दार लोंबतं. चार-चार फुटांची दोन करा. रोज एकच उघडायचं, पिकअप आली की दोन्ही. दाराच्या चौकटीत तिरपी पट्टी लागते आणि तिची दिशा महत्त्वाची: खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे. उलटी लावली तर तिचा आधार फारसा मिळत नाही. वर्कशॉपमध्ये अनेकदा दिसायला बरी दिसेल तशी लावतात, म्हणून कागदावर काढून द्या.

वरच्या बिजागरीची खीळ खाली तोंड करून बसवा, नाहीतर गाय शिंगाने दार उचलून काढते. कडी बाहेरून आणि तिला साखळीची पिन. साधी सरकती कडी शेळी ओठांनी उघडते. माझा विश्वास बसला नव्हता, मी उभी राहून बघितलं.

१०. पहिला पावसाळा

वीज सोडायची नाही. रानटी जनावरांना कंटाळून घरातली तार कुंपणाला जोडणारे असतात. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. सौर कुंपण ही वेगळी गोष्ट. त्यात यंत्रातून क्षणभराचा झटका थांबून थांबून येतो. ते हवं असेल तर बाहेरच्या हद्दीला लावा, आवाराच्या पॅनलला नाही.

आषाढात एकदा, श्रावणात एकदा सगळे बोल्ट पान्याने बघून घ्या. पहिल्या पावसात माती बसते तेव्हा दोन-चार सैल होतातच. वेली चढू देऊ नका. हिरवं दिसतं छान, पण ओल्या वेलींच्या वजनाने आणि वाऱ्याने पॅनल हलायला लागतो, शिवाय शेळ्या त्या खायला जाळीवर चढतात. मिरगाच्या आधी कोयत्याने भोवतीचं रान काढून टाका. वर्कशॉपमधून उरलेली जाळी आणि चौकटीचे तुकडे मागून घ्या. मी त्यातून एक जादा पॅनल करून गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलाय. गेल्या श्रावणात काजूची फांदी सात नंबरच्या गाळ्यावर पडली, तेव्हा तो तासाभरात लागला आणि काकांच्या वाफ्यापर्यंत कोणी पोचलं नाही.